पाटलाच्या हद्दीतलं मीठ

विश्रामच्या कमरेचा पट्टा धाकू पाटलाच्या पोटात रुतत असे. पट्टा कातड्याचा, त्याला पितळेचं बक्कल, आणि ते बक्कल विश्राम रोज सकाळी राख लावून घासायचा. मिठागराच्या नाक्यावरून तो बांधावर निघाला की कोवळं ऊन बक्कलावर पडायचं आणि पाटलाच्या ओटीवरून ते लखकन दिसायचं. आता घराचं तोंड काही दुसरीकडं फिरवता येत नाही, हे खरं. पण रोज सकाळी उठून ओटीवरच बसलं पाहिजे, असंही कुणी सांगितलं नव्हतं. धाकू बसायचा.

आडखार गाव दिव्याच्या आणि डोंबिवलीच्या मधलं, खाडीच्या काठाचं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मधून आगगाडीचा रूळ गेलेला. धाकू या गावचा पोलीस पाटील. पाटीलकी आजाची, मग बापाची, मग त्याची. विश्राम त्याच्याच वयाचा. दोघं एकाच चिखलात लोळून मोठे झालेले. पण सरकारनं मिठाचा कायदा केला, मिठाचं वेगळं खातं निघालं, खात्याला बांधाबांधाची ओळख असलेली माणसं हवी होती, आणि काल डोक्यावर टोपल्या वाहणारा विश्राम आधी शिपाई झाला नि मग नाक्यावरचा नाईक.

इथवरही धाकूनं गिळलं असतं. पण कायद्यानं एक भलतीच गोष्ट केली होती. भाऊबंदकीत जमिनीची होते तशी गुन्ह्यांची वाटणी केली होती. मिठाचा गुन्हा मिठाच्या खात्यानं बघायचा. ताडीमाडीचा आबकारीनं. रुळावर काही घडलं तर रेल्वेच्या पोलिसांनी. चोरी, दरोडा, डोकी फुटणं, हे कल्याणच्या फौजदाराचं. मग पाटलाच्या वाट्याला राहिलं काय? शिव्यागाळी, कोंबडीवरून लागलेली भांडणं, कुंपणावरून झालेली ढकलाढकली. तेवढ्यासाठी त्यानं माणसाला एक दिवस-रात्र चावडीत बसवावं आणि दुसऱ्या दिवशी घरी धाडावं. विश्रामनं पकडलेला माणूस कचेरीत उभा राहायचा, साहेबापुढे विश्रामचं नाव वाचलं जायचं. धाकूनं पकडलेला माणूस चावडीत पोटभर झोप काढायचा आणि जाताना पाटलाकडंच तंबाखू मागायचा.

शिवाय मानाची टोपली गेली होती. पूर्वी हंगामाचं पहिलं मीठ निघालं की शिमग्याच्या आधी एक टोपली वाजतगाजत पाटलाच्या दारी यायची. पाटलीण ते मीठ उंबऱ्यावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची, मग घरात न्यायची. तोवर गावात कुणी नवं मीठ चाखायचं नाही. कायदा आला आणि परवान्याशिवाय मिठाचा खडा हलवणं हा गुन्हा झाला. टोपली बंद पडली. दर शिमग्याला धाकू रिकाम्या उंबऱ्याकडं बघून म्हणायचा, "पाटलाचा घर अलनी झाला." बायको ऐकून घ्यायची. दरवर्षी तेच गाऱ्हाणं ऐकायचं म्हणजे बाईमाणसालाही कंटाळा येतो, पण तिला त्याचं वाईटही वाटायचं.

ही बायको, ठमाबाई, म्हणजे त्या पट्ट्याचं दुसरं टोक. ती लग्नाची होती तेव्हा विश्रामच्या बापानं तिला मागणी घातली होती. ठमाच्या बापानं पाटलाचं घर बघितलं आणि मुलगी इकडं दिली. म्हणजे जिंकला होता धाकूच. पण जिंकलेल्या माणसाचंही एक दुखणं असतं. आपण जिंकलो की आपलं घर जिंकलं, याचा त्याला उलगडा होत नाही. विश्रामच्या अंगावर पट्टा आल्यापासून तर धाकूला हिशेब उलटा फिरल्यासारखा वाटे.

त्या वर्षी शिमगा तोंडावर आला असताना त्यानं ओटीवरून पाहिलं, की बांधावर ठमा उभी आहे आणि विश्राम तिच्याशी बोलतो आहे. ठमा काहीतरी विनवत होती. विश्राम मान हलवत होता, नाही, नाही. मग ती आणखी काही बोलली आणि तो हसला. तीही हसली. पदराचं टोक दातांत धरून, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी.

धाकूच्या कानशिलांना आग लागली. ती घरी आल्यावर त्यानं विचारलं, "बांधावर कं काम होता?"

"शेनी बगाव गेलती," ठमा म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

शेणी बांधावर नव्हत्याच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. धाकू पुन्हा ओटीवर जाऊन बसला. मत्सराला उत्तर नको असतं, चघळायला काहीतरी हवं असतं.

दुसऱ्या दिवशी ठमा पहाटेच डोंबिवलीला बहिणीकडं गेली, दुपारच्या आत परतते म्हणाली. दुपारी उन्हानं मिठागर पांढरंफटक पडलेलं, मजूर सावलीला टेकलेले. धाकू गावाकडून रुळाच्या दिशेनं चालला होता. समोरून हौसाबाई येताना दिसली, डोक्यावर टोपली, टोपलीवर हिरवं गवत. हौसाबाई गावची सुईण. धाकूची नाळ तिनंच कापलेली आणि विश्रामचीही. ती रूळ ओलांडून गावाकडची घसरण उतरली आणि पाटलाला बघून जागच्या जागी थबकली.

गवत नेणारी बाई अशी थबकत नाही. धाकूनं गवत बाजूला केलं. खाली मीठ होतं, नव्या हंगामाचं, टपोरं, अजून ओलसर.

"कोनाचा मीठ?"

"पाटील, जाव दे मना. तुज्या बऱ्याचाच हाय."

"कनचे राशीचा?"

"ते नको विचारू."

पण रास कोणती ते विचारायलाच नको होतं. हंगाम नुकता लागलेला, सरकारी आगरात रास उभी होती ती एकच, आणि त्या राशीवर पहारा विश्रामचा. धाकूच्या मनात आधी नेहमीचाच विचार आला, म्हातारीला चावडीत बसवावं, उद्या सोडावं. आणि त्याच विचाराच्या पाठीवर दुसरा आला. नाईकाच्या नाकाखालून सरकारी रास फुटते, आणि ती पकडतो कोण, तर गावचा पाटील! ही बातमी कल्याणला गेली तर? त्याच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

एवढ्यात बांधावरून विश्राम धावत आला. धापा टाकत म्हणाला, "पाटील, ही बाई मना द्या. मिठाचा मामला हाय, तो आमचे खात्याचा. मी तिला समज देतो नि सोरतो."

"बांधाच्या आत असती तं तुजी," धाकू म्हणाला. "आता ती बांधाच्या भायेर हाय. ही माजी हद्द."

"मीठ तं आतला हाय ना!"

"मीठ आतला आसल. चोरी भायेर सापरली."

हा गोंधळ ऐकून फाटकवाला भिवा आपल्या खोपटातून हिरवं निशाण तसंच काखेत धरून आला. तो रेल्वेचा माणूस, आणि रेल्वेच्या माणसाला कुठंही दोघं भांडताना दिसले की आपल्याला बोलावलंच आहे असं वाटतं. "बाई रुलावरून आली ना? मग दोगांची बी नाय. रेल्वे पोलिसाची. मी मास्तरला सांगून येतू."

तिघांनी हातवारे सुरू केले. एक बांधाकडं बोट दाखवी, एक रुळाकडं, एक गावाकडं. हौसाबाईनं टोपली खाली ठेवली, आपणही बसली आणि म्हणाली, "काय तो निकाल लावा रं. मना उन्हान चक्कर येते. कोनची बी हद्द चालल, सावलीतली आसली म्हंजे झाला."

विश्रामनं धाकूला बाजूला ओढलं. आवाज खाली आणून म्हणाला, "धाकू, ऐक माजा. लहानपनापासना वलखतो ना तू मना? ह्ये मीठ मना दे. नंतर सांगन."

पाटील सोडून धाकू म्हटलं, तिथंच सगळं बिघडलं. धाकूला वाटलं, आज याची मान माझ्यापुढं खाली आहे. बांधावर हसत होता तो हाच. आणि त्यानं म्हातारीला उठवलं, गावच्या कोतवालाला हाक मारून टोपली त्याच्या डोक्यावर दिली आणि रुळाकडेनं सरळ कल्याण गाठलं. घरी पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही.

कल्याणचे फौजदार महिपतराव हे देशावरचे गृहस्थ. मिशा भरघोस, आणि मिठाच्या खात्यावर त्यांचा स्वतंत्र राग. ऐकता ऐकता ते खुर्चीत पुढं सरकले.

"मिठाची माणसं! चोर धरतात आम्हाला न विचारता, खटले चालवतात आम्हाला न विचारता, आणि साहेब म्हणतो, पोलीस काय करतात? पाटील, हे तुम्ही त्यांच्या हातात दिलं नाहीत हे फार उत्तम केलंत. मीठ सरकारचं, बाई काही खात्याची नोकर नाही, सरळ चोरी आहे. खटला पोलीस चालवणार. तुमचं नाव मी वरपर्यंत कळवतो."

"वरपर्यंत म्हंजे?"

"ठाण्याला."

धाकूनं फेटा सारखा केला. हौसाबाईला आतल्या कोठडीकडं नेलं तेव्हा तिनं वळून त्याच्याकडं बघितलं, पण त्याचे डोळे त्या वेळी ठाण्याला होते.

घरी परतला तो तिन्हीसांजेला, आनंदानं तुडुंब. ठमा डोंबिवलीहून आलेली होती. तिनं पाट मांडला, ताट वाढलं. धाकूनं पहिला घास घेतला आणि थांबला. भात अळणी. कालवण घेतलं, तेही अळणी.

"मीठ कं नाय घातला?"

ठमा समोर बसली. तिचे डोळे सुजलेले होते. "तुमचा मीठ तुमीच कल्यानला पोचवून आलाव."

"म्हंजे?"

"म्हंजे कं? दर शिमग्याला रडता ना, पाटलाचा घर अलनी झाला म्हून? म्हून मी गेली विश्रामभावजींकडं. पाय धरले. बोल्ली, एक टोपली द्या, मानाची. उंबऱ्यावर ठेवीन, ह्यांना एक डाव हसताना बगीन. ते नाय बोलत व्हते, नोकरी जाईल बोल्ले. मग मी बोल्ली, लहानपनी मानाची टोपली तुमीच डोक्यावर आनायचा, आमचे सासऱ्यांनी तुमाला गूल दिलेला आठवतो का? तवा हसले नि हो बोल्ले. हौसाबाईला बोलून ठेवला, दुपारचा आन, ह्यांना सांगू नको." तिचा आवाज फाटला. "तुमचा मान येत व्हता घरा. तुमी त्याला बेड्या घातल्या."

धाकूला घास गिळवेना आणि थुंकवेना. बांधावरचं ते हसू त्याच्या डोळ्यांपुढं पुन्हा आलं. ते त्याच्याचसाठी होतं. त्यानं ताट सारलं. लाज वाटली, खूप वाटली. पण खोटं कशाला बोला, त्या लाजेच्या तळाशीही एक ठिणगी विझत नव्हती. सगळं खरं; पण ठमानं पाय धरले ते विश्रामचे.

सकाळी तो नाक्यावर गेला. जन्मात पहिल्यांदा विश्रामच्या दारात उभा राहिला.

"विश्राम, ती बाई तुज्या खात्यात घे. समज दे नि सोर. तू बोल्लावतास तसा."

विश्राम बक्कल घासत होता. घासता घासता थांबला. "काल माज्या हातान व्हता, धाकू. आता पोलिसांनी चोरी लावली. पोलिसांचे खटल्यात मिठाचा नाईक बोट नाय घालू शकत. तूच हद्द आखलीस."

धाकू तसाच कल्याणला गेला. महिपतरावांपुढं हात जोडले. म्हणाला, बाई म्हातारी आहे, चुकून झालं, चावडीत एक दिवस बसवतो.

फौजदार हसले. "पाटील, चावडीतलं प्रकरण चावडीत असतं तेव्हा तुमचं. माझ्याकडं आलं की माझं. आणि आता माझंही राहिलं नाही, मामलेदारांपुढं गेलं. खटला म्हणजे काय पाळण्यातलं मूल आहे, या कडेवरून त्या कडेवर घ्यायला?" मग आवाज बदलून म्हणाले, "आणि एक. बाई मीठ कुठं नेत होती ते सांगत नाही. घेणाराही चोरच. ते नाव तेवढं काढा, म्हणजे तुमचं काम अगदी चोख होईल."

बाहेर कोठडीच्या गजांआड हौसाबाई बसली होती. धाकू जवळ गेला. ती हळूच म्हणाली, "मी नाव नाय सांगितला हां. भिऊ नको." तिनं हात बाहेर काढून त्याच्या दंडावर थोपटलं. लहानपणी ताप आला की थोपटायची तसंच.

घरी येईपर्यंत धाकूनं ठरवलं. कचेरीत उभं राहायचं आणि सांगायचं, मीठ माझ्या घरी येत होतं. म्हातारी सुटेल. पाटीलकी जाईल, कदाचित आपणही गजांआड जाऊ. जाऊ दे. हे त्यानं रात्रभर मनात घोटलं, आणि घोटता घोटता त्याला त्यात एक बरं वाटू लागलं. गाव म्हणेल, धाकूनं म्हातारीसाठी पाटीलकीवर पाणी सोडलं. ठमा बघेल. विश्रामही बघेल. भल्या कामालाही माणूस आपल्या मापाचा सदरा शिवून घेतो, त्याला इलाज नाही.

खटल्याच्या दिवशी कल्याणच्या कचेरीत अर्धं आडखार लोटलं होतं. ठमा बायकांत मागे उभी होती. मामलेदार रावसाहेब चष्मा पुसत बसले होते. फौजदारांनी हकीकत सांगितली, पाटलाचं नाव दोनदा घेतलं. ज्या घटकेची धाकूनं इतकी वर्षं वाट पाहिली होती ती हीच, आणि त्याला वाटत होतं की कुणीतरी आपलं नाव पुसून टाकावं.

"बाई," रावसाहेबांनी विचारलं, "मीठ कुणासाठी नेत होतीस?"

हौसाबाईनं पदर सारखा केला.

"सांगितलं नाहीस तर शिक्षा वाढेल. तुरुंगात तुझ्या वयाला झेपायचं नाही."

हौसाबाईनं ओठ मिटून घेतले. आता. धाकूनं फेटा काढून हातात घेतला, एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं.

"साहेब," आवाज आला. तो धाकूचा नव्हता. विश्राम दारातून पुढं आला होता. कमरेचा पट्टा सोडून त्यानं हातात धरला होता. "बाईनं चोरी नाय केली. मीठ मी दिला. माज्या हातानं टोपली भरली. रास माज्या ताब्यात व्हती. ती फकस्त डोक्यावर घेऊन चाल्ली."

कचेरीत कुजबुज उठली. रावसाहेब म्हणाले, "कुणाकडं पाठवलं होतंस?"

"गावची जुनी चाल हाय, साहेब. पहिला मीठ देवाचा. त्या चालीला धाडला." त्यानं कुणाकडंही बघितलं नाही, ठमाकडं नाही आणि धाकूकडंही नाही.

रावसाहेबांनी चष्मा चढवला. रास ज्याच्या ताब्यात त्यानंच दिलं, मग ती चोरी कसली? हा खटला पोलिसांचा नाहीच. नाईकानं परवान्याशिवाय मीठ सोडलं, हा मिठाच्या खात्याचा प्रश्न, खात्यानं तो बघावा. महिपतरावांच्या मिशा खाली आल्या. बाईला सोडण्यात आलं. गावातली माणसं विश्रामभोवती गोळा झाली. हौसाबाईनं त्याची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. बायकांत ठमा पदरानं डोळे पुसत होती.

धाकू फेटा हातात घेऊन तसाच उभा. तोंड अजून उघडंच होतं. म्हातारी सुटली, पाटीलकी वाचली, बायकोचं नाव चावडीवर गेलं नाही. देवाला नारळ फोडावा असा दिवस. आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हेसुद्धा यानंच नेलं.

त्याला स्वतःची इतकी घाण वाटली की तो कुणाशी न बोलता एकटाच चालत घरी आला.

विश्रामची नोकरी गेली. जप्त झालेलं मीठ खाडीत सोडायचं, आणि ते सोडताना गावचा पाटील साक्षीला हवा, असा मिठाच्या खात्याचा दंडक. शिमग्याच्या सकाळी नव्या नाईकानं धाकूला बोलावलं. तीच टोपली, आता कडेनं पाझरून अर्धी झालेली. नाईकानं ती पाण्यात पालथी केली. आपला मान खाडीत विरघळताना धाकूनं डोळ्यांनी बघितला आणि साक्षीचा अंगठा दिला.

त्या संध्याकाळी होळी पेटवायचा मान मात्र पाटलाचाच होता. तो कुणी काढून घेतला नव्हता. धाकूनं पेटता चूड लावला, बोंब उठली, ढोल वाजला. लोक पाटलाला रामराम करत होते, नेमानं, एकामागून एक. आणि करून झाला की पलीकडं जात होते. तिथं विश्राम उभा होता. दिवसभर मजुरांबरोबर टोपल्या वाहून आला होता, खांद्यावर मिठाची पांढरी पुटं होती. हौसाबाई त्याच्या तोंडात पुरणपोळीचा घास कोंबत होती. ठमाही गेली, सगळ्यांच्या देखत वाकून त्याला नमस्कार केला आणि परत येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

जाळाच्या उजेडात विश्रामची कमर दिसत होती. पट्टा नव्हता, बक्कल नव्हतं, नुसता मळका धोतराचा काचा. धाकूनं तिकडं न बघायचा फार प्रयत्न केला. पट्टा कधीतरी मिळवता आला असता, कुणाच्या हातापाया पडून, कुठल्यातरी खात्यात. ती उघडी कमर मिळवायची एकच वेळ आली होती, आणि तेव्हा तो तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

"चला घरा," ठमा म्हणाली. "जेवान थंड व्हते."

"मीठ घातलास का?" त्यानं विचारलं.

"घातला," ती म्हणाली. "इकतचा हाय."